तबकडी जपली, नोंद कुठे आहे?

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला की आपल्याकडचे बोलणे फार लवकर दोन प्रश्नांवर येऊन थांबते. कोणाकडे किती तबकड्या आहेत आणि त्यांतल्या किती दुर्मिळ आहेत. संग्राहकाबद्दलचा आदर या संख्येवर ठरतो आणि संग्राहक गेला की घरच्यांपुढे तीच संख्या अडचण होऊन उभी राहते. माझे म्हणणे असे आहे की ध्वनिमुद्रण जपले जाते ते मालकीने नव्हे, तर नोंदीने आणि दुसऱ्या प्रतीने. कोण गायले, साथीला कोण होते, कुठे, केव्हा, कोणत्या रागात, हे लिहून ठेवलेले नसेल तर हजार तबकड्यांचा संग्रहही अर्धा हरवलेलाच असतो. हे काम मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांवर सोडून चालणार नाही. ते महाड आणि पोलादपूरसारख्या तालुक्यांच्या गावी, तिथल्या सार्वजनिक वाचनालयांनी हाती घ्यायला हवे, कारण धोका तिथे सर्वांत मोठा आहे आणि जे नष्ट होईल त्याची दुसरी प्रत बहुधा जगात कुठेच नाही.

धोका म्हणजे काय, हे सावित्री नदीकाठच्या माणसांना सांगायला नको. 2005 च्या जुलैत आणि पुन्हा 2021 च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत डोंगरउतार कोसळले, तळिये गावावर दरड आली. माणसे गेली तिथे वस्तूंचे दुःख कोण करणार, आणि करूही नये. पण पुरानंतर रस्त्यावर जे चिखलाचे ढीग लागतात त्यांत घरोघरच्या वह्या, फोटो आणि कॅसेटीही असतात, हेही खरे. पूर नसला तरी दर वर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडणारा पाऊस आणि चार महिन्यांची दमट हवा आहेच. कॅसेटच्या फितीला बुरशी धरायला तेवढे पुरते. लाखेच्या जुन्या तबकडीचे मात्र वेगळे आहे. थोडा काळ पाण्यात राहिली तरी ती बऱ्याचदा धुऊन पुसून वाजवता येते. निघून जाते ते तिच्या मधोमध चिकटवलेले कागदी लेबल. म्हणजे आवाज राहतो आणि नाव जाते. अशा निनावी तबकडीला नाव परत मिळण्याचा एक मार्ग आहे. लेबलाच्या कडेला, जिथे सुई शेवटी येऊन फिरत राहते त्या गुळगुळीत पट्ट्यात, कंपनीने दाबलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. पण तो क्रमांक बोलतो तो कोणीतरी आधी त्याची सूची केलेली असेल तरच. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली आणि ती 1994 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. मुंबईतच 1990 मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून कंपन्यांचे इतिहास, कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या आणि लेबलांचा तपशील वर्षानुवर्षे प्रसिद्ध केला. सरकारी खात्याचे किंवा विद्यापीठाचे पाठबळ मिळण्याची वाट न पाहता नोकरी-व्यवसाय सांभाळून केलेले हे काम आहे आणि महाराष्ट्राने त्याची पुरेशी कदर केलेली नाही.

नोंदीचे महत्त्व तबकडीच्या जन्मापासूनच कंपन्यांना ठाऊक होते. 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी आला, त्यानंतर मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या तयार होत. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना गाणारा कोण हे. म्हणून गौहरजानसारखे कलावंत गाणे संपता संपता स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत. आज आपण ते कौतुकाने ऐकतो, पण त्यामागे लेबल चुकू नये एवढाच साधा व्यवहार होता. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यात केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. ती निवडली गेली कारण रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाला ते ध्वनिमुद्रण नेमके कोणते हे माहीत होते. पण ते त्या वेळी बाजारात मिळत नव्हते. बरीच शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात त्याच्या प्रती सापडल्या. जाणकाराकडे नेमकी माहिती होती आणि दुकानदाराने खोके फेकून दिले नव्हते. यांतली एक गोष्ट जरी नसती, तरी गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचा आवाज त्या तबकडीवर नसता. ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसलेल्या केसरबाईंच्या बाबतीत हे घडले, म्हणून ते मला विशेष वाटते. त्यांचे गुरू अल्लादियाँ खाँसाहेब 1946 पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. 1922 मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचेही नाही. त्या दोघांची थोरवी आपण शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून मान्य करतो, पण प्रत्यक्ष ऐकू शकत नाही.

या बाबतीत जॅझच्या रसिकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जॅझ आणि आपले रागसंगीत यांत एक मोठे साम्य आहे. दोन्हींत मूळ रचना छोटी असते आणि त्या वेळी, त्या जागी, त्या साथीदारांबरोबर जे उमटते तेच खरे संगीत असते. म्हणून गाण्याचे नाव लिहून नोंद पुरी होत नाही. हे जॅझवाल्यांनी फार लवकर ओळखले. शार्ल दलोने या फ्रेंच रसिकाने 1936 मध्ये पॅरिसला ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली आणि त्यानंतर पद्धतच पडली: ध्वनिमुद्रणाची तारीख, गाव, मॅट्रिक्स क्रमांक, आणि त्या दिवशी खोलीत असलेल्या प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य. अमेरिकेत मार्शल स्टर्न्स यांनी 1952 मध्ये स्वतःच्या संग्रहातून जॅझ-अभ्यासाची संस्था उभी केली, ती पुढे रटगर्स विद्यापीठात गेली. या शिस्तीचा फायदा मुंबईलाही झाला. क्रिकेट स्मिथ या अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या वाद्यवृंदाने 1936 मध्ये मुंबईत काही तबकड्या केल्या. तो वाद्यवृंद कोणाकोणाचा होता हे आज जॅझच्या सूच्यांत शोधता येते. त्याच शहरात त्याच सुमाराला निघालेल्या ख्याल-ठुमरीच्या तबकड्या घ्या. गायकाचे नाव आहे, रागाचे आहे, नाटकातले पद असेल तर नाटकाचेही आहे. तबला कोणी वाजवला? सारंगीवर कोण? बहुतेक लेबले गप्प आहेत. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते हे आपण अभिमानाने सांगतो, पण बालगंधर्वांच्या अमुक तबकडीत अमुक जण वाजवतो आहे हे ठामपणे सांगता येईल अशा नोंदी फार थोड्या. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांचेही तेच झाले. पडद्यामागच्या त्या पिढीची नावे ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्यासारख्यांना म्हाताऱ्या वादकांना भेटून, आठवणी जुळवून परत मिळवावी लागली. साथीदार विसरणे ही आपल्या संगीतव्यवहारातली जुनी खोट आहे आणि ती केवळ कंपन्यांच्या माथी मारून सुटका होणार नाही. आपण ऐकणाऱ्यांनीही कधी विचारले नाही.

सूची करणे म्हणजे चिठ्ठ्या चिकटवणे नव्हे, त्याला जाण लागते, हेही इथे सांगितले पाहिजे. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या होत्या. केवळ लेबल पाहून यादी केली तर एकाच गायिकेच्या दोन गायिका होतात आणि तिच्या उमेदीच्या आवाजाचा पुढच्या भारदस्त आवाजाशी असलेला धागा तुटतो. रागनामांचेही असेच. लेबलावरचे रोमन स्पेलिंग, कंपनीच्या कारकुनाचा अंदाज आणि घराण्यातली संज्ञा यांत तफावत असते. ‘कानडा’ एवढे लिहून भागत नाही. म्हणून चांगल्या नोंदीत लेबलावर जे छापले आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात आणि जाणकाराचा निर्णय दुसऱ्या रकान्यात हवा. पहिला रकाना कधी पुसायचा नाही. वेगाचा मुद्दा तर पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. आपण सरसकट ‘78 ची तबकडी’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग नेमका 78 फेऱ्यांचा नसे. चुकीच्या वेगाने वाजवली की षड्ज वर किंवा खाली सरकतो, आवाजाचा पोत बदलतो, तान होती त्याहून जलद वाटते, आणि मग त्यावरून गायकाच्या पट्टीबद्दल विद्वत्तापूर्ण निष्कर्ष निघतात. डिजिटल प्रत करताना कोणता वेग धरला, कोणती सुई वापरली, हे न लिहिणे म्हणजे पुढच्या अभ्यासकाला फसवणे आहे.

आता कोणी म्हणेल, केसरबाई आणि क्रिकेट स्मिथ यांचा महाड-पोलादपूरशी काय संबंध? संबंध असा, की नोंद नसल्याने काय होते आणि दुसरी प्रत असल्याने काय वाचते, याचे दोन सर्वांत बोलके दाखले पोलादपूर तालुक्यातच आहेत. तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तुळशीदास शाहिराने रचलेला त्यांचा पोवाडा पिढ्यान् पिढ्या गोंधळी गात आले. 1891 मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे गोळा करून छापले, त्यामुळे शब्द टिकले. पण तेव्हाच्या गोंधळ्याची चाल, त्याने घेतलेला श्वास, झीलकऱ्यांनी धरलेला सूर यांतले काहीही कागदावर उतरू शकत नव्हते. त्या काळाकडे साधन नव्हते म्हणून त्यांना दोष देता येत नाही. दुसरा दाखला पोलादपूर गावातला. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या ‘शिवभारता’ची हस्तलिखित प्रत मिळाली ती मात्र दूर तंजावरला, आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादित केलेला तो ग्रंथ 1927 मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. शिवकाळाचा एवढा महत्त्वाचा ग्रंथ आपल्या हाती आला तो प्रत लांबच्या एका राजग्रंथालयात सुरक्षित राहिली म्हणून.

त्याच 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. त्यानंतर आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांनी जे संगीत घडवले ते महाराष्ट्राच्या गेल्या शतकातले फार मोठे संगीत आहे. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे माहीत आहेत, पण गावोगावच्या जलशांतले गायक, ढोलकीवाले, पेटीवाले यांची नोंद कुठे आहे? दर वर्षी 20 मार्चला महाडात लोटणाऱ्या जनसमुदायाने वर्षानुवर्षे जी गाणी ऐकली आणि कॅसेटींवर घरी नेली, त्यांची सूची महाडनेच करायला हवी. दुसऱ्या कोणत्या गावाला हा मान आहे? शास्त्रीय संगीताच्या संग्राहकांना या कॅसेटी संग्रहणीय वाटत नाहीत, ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा आहे. पोलादपूरच्या वाड्यांवरची भजनी मंडळे, कीर्तने, गणपतीतली जाखडी, लग्नातला खालू बाजा यांचेही तेच. टेपरेकॉर्डर स्वस्त झाला तेव्हापासून हे सारे कोणी ना कोणी मुद्रित केलेले असणार, आणि निम्मे तर चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या चाळींत गेलेले असणार. कंपनीच्या तबकडीची दुसरी प्रत कलकत्त्यात, लंडनमध्ये, कोणा संग्राहकाकडे सापडू शकते. घरच्या टेपवरच्या भजनाची दुसरी प्रत नसते आणि त्याला मॅट्रिक्स क्रमांकही नसतो. वेष्टनातल्या चिठ्ठीवर शाईने जे लिहिले तेवढीच त्याची ओळख.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की आता सगळे यूट्यूबवर आहे, मग वाचनालयाने कपाटे कशाला अडवायची? यूट्यूबचे उपकार मी कमी लेखत नाही. ज्या मुद्रणांसाठी पूर्वी संग्राहकाच्या दारी जावे लागे ती आज पोलादपूरच्या एसटी स्थानकावर बसून ऐकता येतात. पण तिथे टाकलेले कोण, केव्हा काढून घेईल याचा भरवसा नाही. मूळ तबकडी कोणती, वेग कोणता हे क्वचितच लिहिलेले असते. एकाच मैफलीला तीन ठिकाणी तीन तारखा दिसतात आणि चुकीचे रागनाम एकदा चिकटले की नक्कल करणारे तेच पुढे नेतात. साठा वाढला म्हणून नोंदीची गरज घटली नाही, उलट वाढली. शिवाय जे कधी घराबाहेर पडलेच नाही ते तिथे येणार कसे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो संगीतातल्या मोठ्या माणसांनीच घेतलेला आहे. विद्या गुरूच्या समोर बसून मिळते. तबकडी हे तिचे सुकलेले रूप, त्यावर वेळ घालवण्यापेक्षा शिकणाऱ्या मुलांना गुरू मिळवून द्या. यात तथ्य आहे. तीन मिनिटांत बसवलेला राग म्हणजे अख्खी बढत नव्हे, आणि तबकडीची नक्कल करणारा गायक लवकरच उघडा पडतो. पण इतिहास असेही सांगतो की भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली, त्या आवाजाने त्यांना झपाटले आणि 1933 मध्ये ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तबकडीने गुरूची जागा घेतली नाही, ती मुलाला गुरूच्या दारापर्यंत घेऊन गेली. ज्या गावात मैफली होत नाहीत, जिथे रागसंगीताचा शिक्षक नाही, तिथल्या मुलाला ही वाट आणखीच हवी. महाडच्या मुलाने पहिल्यांदा मल्लिकार्जुन मन्सूर ऐकावेत ते कोणत्या तरी मोबाइलच्या यादृच्छिक सुचवणीतून नव्हे, तर वाचनालयातल्या जाणत्या माणसाने हे आधी ऐक, मग ते ऐक असे सांगितल्यावर, असे मला मनापासून वाटते. आणि ते सांगायला रचलेली, नोंदलेली यादी लागते.

तिसरा आक्षेप कायद्याचा. प्रती काढल्या तर स्वामित्वहक्काचा भंग होणार नाही का? यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रतींबाबत, आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो, त्यामुळे लाखेच्या तबकड्यांच्या युगातला बहुतेक भाग मुद्रणाच्या हक्कातून मुक्त झाला आहे. कवी-संगीतकाराचा हक्क मात्र वेगळा असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, आणि प्रयोग करणाऱ्या कलावंताचा 50 वर्षे. 2012 च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत त्याच्यापाशी असेल तर, जपणुकीसाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे इंटरनेटवर उधळण्याचा प्रश्न वेगळा आणि जपण्याचा वेगळा. घरगुती मुद्रणांत कलावंताची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घ्यावी, ती लेखी असावी, आणि नकार आला तर तो मानावा. कित्येक दुर्मिळ मैफलींच्या टेप आज संग्राहक दडवून ठेवतात त्यामागे हीच भीती असते. स्पष्ट संमतीपत्राने ती पुष्कळ कमी होईल.

राहिला पैशाचा प्रश्न. पूर, दरडी, रस्ते, दवाखाने यांपुढे कॅसेटींसाठी पैसा मागणे योग्य का, असे कोणी विचारले तर मी वाद घालणार नाही. त्या कामांचा एक रुपयाही इकडे वळवू नये. पण या कामाला लागतो तो मुख्यतः वेळ. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, तालुक्याच्या ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. चालू स्थितीतला एक कॅसेट प्लेअर, एक संगणक, दोन हार्ड डिस्क आणि एक जाड नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. महाविद्यालयातली मुले घरोघर जाऊन यादी करू शकतात. वस्तू घरमालकाकडेच राहू द्यावी, नाहीतर लोक दार उघडणार नाहीत. दोन डिस्कांपैकी एक सावित्रीच्या पूररेषेपासून दूर, पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या संस्थेत ठेवावी आणि दर वर्षी पावसाळ्याआधी अदलाबदल करावी. पहिल्या वर्षी मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांना हातही लावू नये. त्यांची काळजी घेणारे इतर आहेत. आधी घरी मुद्रित केलेल्या कॅसेटी घ्याव्यात, आणि प्रत्येक कॅसेट गावातल्या वयस्कर भजनीबुवांना, जलशातल्या जुन्या गायकांना ऐकवून पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, टाळावर कोण, ही नावे त्यांच्याच तोंडून त्याच वेळी मुद्रित करून घ्यावीत.